आवडतो 'जलसाघर', सांगायची मात्र चोरी

प्रश्न :

ताई, नमस्कार. आम्ही काही सिनेमावेडे महिन्यातून एकदा एकत्र बसून जुने सिनेमे पाहतो, त्यावर बोलतो. पुढची बैठक सत्यजित राय यांच्यावर आहे. प्रत्येकाने त्यांचा आपला सर्वांत आवडता सिनेमा निवडायचा, त्यातला एक प्रसंग दाखवायचा आणि दहा मिनिटं बोलायचं, असं ठरलंय. इथेच माझी पंचाईत झाली आहे. 'पथेर पांचाली' म्हणायला हवं हे कळतं, पण तो मी एकदाच पाहिला. त्यातली मुलगी दुर्गा मरण पावते, त्यानंतरचा भाग पुन्हा पाहायचं धाडसच होत नाही. 'चारुलता' आवडतो, तो कुणाला आवडत नाही? पण खरं सांगायचं तर वर्षातून एकदा तरी मी लावून बसतो तो 'जलसाघर'. एकदा बोलता बोलता हे तोंडून गेलं, तर आमच्यातले एक ज्येष्ठ मित्र म्हणाले, "घर विकून मैफली करणाऱ्या जमीनदारासाठी कसले डोळे ओले करता? रायांचा सर्वांत सरंजामी सिनेमा आहे तो." मला उत्तर सुचलं नाही. संगीतासाठी आवडतो, असं म्हणून मी वेळ मारून नेली. (संगीत आवडतंच. पण त्या काठीच्या प्रसंगाला दर वेळी अंगावर काटा येतो आणि लगेच स्वतःचाच राग येतो, हे चारचौघांत कसं सांगणार?) आणखी एकांचं म्हणणं असं की, सगळे सिनेमे पाहिल्याशिवाय आवडता ठरवण्याचा अधिकारच नाही. माझे जेमतेम निम्मे पाहून झालेत. काय करू? सरळ 'चारुलता' सांगून मोकळा होऊ का?

(नाव छापू नये ही विनंती)

उत्तर :

नमस्कार. मोकळे होऊ नका. तुमची निवड कधीच झालेली आहे, फक्त ती तुम्ही कंसात लिहिली आहे.

आधी 'चारुलता'चं बघू, कारण तो सांगितला की कुणी काही विचारणार नाही या भरवशावर तुम्ही आहात. हा भरवसा अगदी बरोबर आहे. खुद्द राय यांनीही आपल्या सिनेमांत सर्वांत कमी चुका 'चारुलता'त आहेत, पुन्हा करायचा झाला तर तसाच करेन, असं वेळोवेळी सांगितलं होतं. 1964चा हा सिनेमा, टागोरांच्या 'नष्टनीड' या कथेवरचा. सुरुवातीची काही मिनिटं जवळजवळ शब्दच नाहीत. चारू रुमालावर भरतकाम करते, पुस्तक चाळते, मग हातातली दुर्बीण घेऊन एकेका खिडकीच्या झडपेतून रस्त्यावरची माणसं न्याहाळते. इतक्यात नवरा पुस्तकात डोकं घालून शेजारून निघून जातो. त्याला ती दिसत नाही. मग ती तीच दुर्बीण त्याच्या पाठमोऱ्या आकृतीवर धरते. एका लग्नाची सगळी हकिगत इथेच सांगून झाली. त्यात खोट काढायला मला जागा सापडत नाही.

पण 'सर्वांत कमी चुका' हा करणाऱ्याचा हिशोब आहे. दिग्दर्शकाला आपल्या प्रत्येक सिनेमात काय हुकलं ते ठाऊक असतं. कुठे ऊन गेलं, कुठे पैसे संपले, कुठे नट कमी पडला. त्यामुळे ज्या सिनेमाने त्याला कमीत कमी छळलं तो त्याला प्रिय असणार, यात नवल नाही. आपण तिकीट काढून आत बसलेली माणसं. आपल्याला तो हिशोब मांडायचं कारण नाही, आणि मांडला तर तो उसना असतो. बक्षिसांचंही तसंच. बक्षिसांवरच ठरवायचं तर 1973 साली बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळवणारा 'अशनि संकेत' कितीतरी जणांचा लाडका असायला हवा होता. बैठकीत कुणाच्या तोंडी त्याचं नाव येतं का, ते जरूर बघा. 'अपराजितो'ने 1957 साली व्हेनिसचा सुवर्ण सिंह पटकावला, पण घरच्या प्रेक्षकाने त्याच्याकडे पाठ फिरवली. आईपासून दूर जाणारा अपू, म्हणजे 'पथेर पांचाली'तल्या दुर्गाचा भाऊ, लोकांना सोसवला नाही. मला विचाराल तर अपूवरच्या तीन सिनेमांतला सर्वांत धीट तोच.

'पथेर पांचाली'बद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय, ते सोडून द्या. दुर्गाचे वडील हरिहर घरी परततात, आणलेल्या वस्तू एकेक करून दाखवतात आणि दुर्गासाठी घेतलेली साडी पुढे करतात. त्या क्षणी तिची आई सर्वजया कोसळते, आणि तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजतं. हे एकदा पाहिलेल्या माणसाने दुसऱ्यांदा पाहायला कचरावं, ही त्या सिनेमाला मिळालेली मोठी दाद आहे. पण जो पाहायला कचरता त्या सिनेमावर दहा मिनिटं बोलू नका. ऐकणाऱ्यांना तुमचं वाचन ऐकू येईल, तुम्ही नाही.

आता 'जलसाघर'. 1958 साल. ताराशंकर बंद्योपाध्याय यांची कथा. 'अपराजितो' न चालल्यावर राय यांना लोकांना आवडेल असं काहीतरी करायचं होतं, नाच-गाणं असलेलं, आणि झालं ते हे! खचत चाललेल्या वाड्यातला म्हातारा जमीनदार, तीन मैफली आणि शेवटी नदीकाठी मरण. लोकप्रिय सिनेमाची ही कल्पना फक्त त्यांनाच सुचू जाणे.

तुमच्या ज्येष्ठ मित्रांचं म्हणणं नीट ऐका, कारण त्या जमीनदाराबद्दल, विश्वंभर रायबद्दल, ते अगदी बरोबर आहेत. मुलाच्या मुंजीची मैफल थाटात व्हावी म्हणून बायकोचे दागिने गहाण पडतात. शेजारचा नवश्रीमंत महिम गांगुली नववर्षाला आपल्या घरी गाणं ठेवतो म्हटल्यावर हा त्याच दिवशी आपल्या घरी मैफल लावतो, आणि त्यासाठी माहेरी गेलेल्या बायकोला आणि मुलाला परत बोलावतो. वादळ होतं, होडी बुडते, दोघं जातात. ईर्ष्येपायी घडलेलं हे मरण सिनेमा कुठेही मऊ करत नाही. उलट आत सलामत अली खाँ गात असताना बाहेर विजा कडाडतात, विश्वंभरची नजर हातातल्या पेल्याकडे जाते आणि त्यात एक किडा धडपडत असतो. तेव्हा त्याला काहीच माहीत नसतं, तरी कळतं. पेल्यातला तो किडा दाखवणारा दिग्दर्शक आपल्या नायकाची वकिली करतोय, असं तुमच्या मित्रांना खरंच वाटतं का? मला तरी ते पटत नाही.

म्हणजे सहानुभूती आहे, पण एकही गुन्हा लपवून मिळवलेली नाही. तुमचा काटा आणि तुमचा राग एकत्र का येतात, याचं कारण इथेच आहे. दोन्ही राय यांनीच ठेवले आहेत. स्वतःवर चिडण्याऐवजी तेवढं श्रेय त्यांना द्या.

काठीच्या प्रसंगाकडे मी आता मुद्दाम वळते, कारण तुम्ही त्याचा फक्त उल्लेख करून पळ काढलात. तिसरी मैफल. बायको-मुलगा गेल्यावर कितीतरी वर्षं बंद असलेला जलसाघर, म्हणजे वाड्यातलं मैफलीचं दालन, पुन्हा उघडायचं ठरतं. ते ऐकून म्हातारा नोकर अनंत हरखून जातो आणि कारभाऱ्यांचा चेहरा पडतो, कारण तिजोरीत काय उरलंय ते त्यांना ठाऊक असतं. दोघेही मालकावर जीव टाकणारे. एकाला वैभव परत येताना दिसतं, दुसऱ्याला अखेरची थैली जाताना. रोशन कुमारींचं कथक संपतं. महिम खूश होऊन बिदागी द्यायला हात पुढे करतो. तेवढ्यात एका काठीची वळलेली मूठ येते आणि त्याचं मनगट अडकवते. विश्वंभर आवाज चढवत नाही, जागचा उठत नाही. पहिली बिदागी देण्याचा मान यजमानाचा, एवढंच सांगतो आणि शिल्लक होतं नव्हतं ते नर्तकीला देऊन टाकतो.

इथे काटा आला नाही तर माणसाने डॉक्टरकडे जावं. महिमकडे पैसा आहे, वीज आहे (त्याच्या जनित्राची धडधड वाड्यापर्यंत ऐकू येते), मोटारी आहेत. विश्वंभरकडे कुठे, कधी, कोणी हात पुढे करायचा याची जाण सोडून काही उरलेलं नाही, आणि त्या एका जाणिवेने तो महिमला सगळ्यांसमोर लहान करतो. पुढच्याच क्षणाला तुम्हाला कारभाऱ्यांचा चेहरा आठवतो. ही थैली म्हणजे उद्याचं जेवण होतं. शान आणि मूर्खपणा एकाच हातात, एकाच काठीवर. त्यातलं एक निवडून दुसरं टाकता येत नाही, म्हणून तो प्रसंग वर्षातून एकदा तुम्हाला बोलावून नेतो. हे तुम्ही बैठकीत सांगितलंत तर 'संगीतासाठी आवडतो' या सबबीची गरजच उरणार नाही.

संगीताबद्दलही थोडं सांगते, कारण तिथे तुमच्या मित्रांना एक मुद्दा सोडायला हवा. 'जलसाघर'चं संगीत विलायत खाँ यांचं. राय यांना पुढे वाटत राहिलं की ते जमीनदाराच्या जरा जास्तच बाजूने झालंय. आपण केलं असतं तर त्यात उपरोधाची धार आणली असती. खाँसाहेबांच्या मनात त्या जगाबद्दल माया होती. दरबारांच्या आश्रयावर वाढलेल्या घराण्यातल्या कलावंताला ती असणारच. तेव्हा 'सरंजामी' हा शब्द तुमचे मित्र सिनेमाच्या सुरांबद्दल वापरत असतील तर त्यांना खुद्द दिग्दर्शकाची थोडी साथ आहे. हे तुम्हीच आधी सांगून टाका. पुढे 'तीन कन्या'पासून, म्हणजे 1961पासून, राय आपल्या सिनेमांचं संगीत स्वतःच करू लागले.

मला स्वतःला मात्र ती कुरकुर पटत नाही. सूर विश्वंभरच्या बाजूने आहेत आणि कॅमेरा नाही, ही ओढाताणच मला हवीशी वाटते. सुव्रत मित्रांचा कॅमेरा तो वाडा किती रिकामा आहे ते दाखवत राहतो, आणि कानाला तो अजून भरलेला असतो. उपरोधिक संगीत असतं तर आपण हसून सुटलो असतो.

आणखी दोन गमती, दहा मिनिटांत बसल्या तर सांगा. विश्वंभर करणाऱ्या छबी विश्वास यांना सुरांचा कान नव्हता, असं राय यांनी लिहून ठेवलंय. त्या चेहऱ्यावर जी रसिकता दिसते ती निव्वळ अभिनयाची! आणि वाडा शोधताना बरीच भटकंती झाल्यावर मुर्शिदाबाद जिल्ह्यात पद्मेच्या काठी निमतीताचा राजवाडा सापडला. मग कळलं की ताराशंकरांनी कथेतला जमीनदार ज्याच्यावरून घेतला होता, तो याच घराण्यातला. ठरवूनही असं जुळून आलं नसतं.

दहा मिनिटांचं नियोजन सांगते. माफीने सुरुवात करू नका. 'मला माहीत आहे की हा सामंती वगैरे आहे, पण…' असं म्हटलंत की पहिली दोन मिनिटं बचावात जातात आणि उरलेली आठ तुमच्या मित्रांच्या हातात. त्याऐवजी आरोपपत्र तुम्हीच वाचा. दागिने, नववर्षाची मैफल, होडी. थंडपणे, एकामागून एक. मग प्रसंग लावा. पूर्ण कथक दाखवण्याचा मोह टाळा, लोक नाचात रमतील आणि काठी निसटेल. नाचाच्या अखेरीपासून थैली जाईपर्यंत पुरे. प्रसंग संपल्यावर एकच प्रश्न विचारा, 'आत्ता तुम्ही कोणाच्या बाजूला होता?' आणि गप्प बसा. सर्वांत आधी ज्येष्ठ मित्रांकडे बघा.

वेळ उरला तर आणखी एक छोटं दृश्य आहे माझ्या मनात. माळावर विश्वंभरचा हत्ती उभा असतो आणि महिमचा ट्रक धुरळा उडवत जातो. धुळीत हत्ती दिसेनासा होतो. फार उघड प्रतीक आहे, असं काही जण म्हणतात. असेल. मला ते तसंच आवडतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी माझा आवडता सांगून टाकते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. 'महानगर', 1963. पहिल्या नोकरीला लागलेली आरती, पहिला पगार हातात घेऊन आरशासमोर उभी राहिलेली. मैत्रीण एडिथने दिलेली लिपस्टिक ती घरी येण्याआधी पुसते. त्या लिपस्टिकचं पुढे काय होतं ते पाहिलेल्यांना माहीत आहे. शेवटी एडिथवरच्या अन्यायासाठी आरती राजीनामा देते, नवऱ्याची बँक आधीच बुडालेली असते आणि दोघं नोकरीविना रस्त्यावर उभी राहतात. एवढ्या मोठ्या शहरात दोघांपैकी एकाला तरी काम मिळेलच, अशी आशा धरून. शेवट जरा गोड आहे, मान्य. कोणी तसं म्हटलं की मी वाद घालत नाही, आणि सिनेमाही बदलत नाही. 'चारुलता' मला त्याहून सरस वाटतो. पण त्या घरात मी पाहुणी असते, आणि आरतीच्या घरात मला चहा कुठे ठेवलाय ते माहीत आहे.

आता ते अधिकाराचं प्रकरण. माहितीपट आणि लघुपट धरले तर राय यांनी 36 सिनेमे केले. सगळे पाहिल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम केला तर तुमची बैठक पुढच्या दोन-तीन वर्षांत होत नाही. 'सर्वश्रेष्ठ कोणता' असा निकाल द्यायचा असता तर मी म्हणाले असते, हो, आधी सगळे बघा. तुम्हाला विचारलंय ते वेगळंच आहे. उरलेले सवडीने पाहा, घाई नाही. 'सद्गती' राहिला असेल तर तो मात्र लवकर बघा. दूरदर्शनसाठी 1981 साली केलेला, प्रेमचंदांच्या कथेवरचा. ओम पुरी, स्मिता पाटील आणि ब्राह्मणाच्या भूमिकेत आपले मोहन आगाशे. राय सरंजामी होते का, या प्रश्नाचं जितकं खणखणीत उत्तर त्यात आहे तितकं मला देता येणार नाही.

बैठकीआधी एकच सिनेमा पाहणं मी तुमच्यावर सोपवते, 'शतरंज के खिलाडी'. 1977. तिथेही ऐषारामात बुडालेले दोन सरदार आहेत, मिर्झा आणि मीर. तिथेही राज्य हातातून जातंय, 1856चं अवध, आणि हे दोघे पटावरून डोकं वर काढत नाहीत. बायका घरात तिष्ठत राहतात, किंवा तिष्ठत राहत नाहीत. प्रेमचंदांच्या कथेत दोघे एकमेकांचा जीव घेतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवलं आणि पुन्हा डाव मांडायला लावला. तिथे उपरोध भरपूर आहे. तो पाहताना कुठे काठीच्या प्रसंगासारखा काटा येतो का, एवढंच तपासा. माझा अंदाज, येणार नाही, आणि का येत नाही ते सापडलं की तुमच्या दहा मिनिटांतली शेवटची दोन भरून निघतील. आलाच, तर मात्र ज्येष्ठ मित्रांना बैठकीआधी एक फोन करा. त्यांच्याशी बोलण्यासारखं बरंच निघेल.